पांढऱ्या कुड्याची साल

१४ सप्टेंबर १९४३, मंगळवार. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. गोहलपुरातल्या एका औषधी कोठारात अच्युत गणोरकर एकविसाव्या पोत्यातला सालीचा तुकडा दाढेखाली धरून उभा होता. मनात तीसपर्यंत आकडे म्हणायचे, थुंकायचं, चूळ भरायची आणि मग वहीत लिहायचं. त्याने लिहिलं : "कडू. पास."

पांढऱ्या कुड्याची साल जिभेला झोंबेल इतकी कडू असते. काळ्या कुड्याची तशी नसते आणि औषध म्हणून तिचा उपयोग नाही. साल अख्खी असली तर जाणता माणूस रंग आणि मोड बघून ओळखतो. पण लढाईच्या घाईत मंडल्याच्या जंगलातून ती कुटूनच यायला लागली होती. डोळ्याला सगळा भुगा सारखा. उरली जीभ, आणि त्या कोठारात जीभ म्हणजे अच्युत. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याने पान खाल्लं नव्हतं, तंबाखू तोंडात घातली नव्हती. घरी त्याच्यासाठी भाजी बिनमिरचीची होत असे.

ही साल खमरियाजवळच्या टिनाच्या वॉर्डात जायची. तिथे आवेचे बावन्न कामगार पडले होते. आवेवरच्या सुया आघाडीवर गेल्या, त्यामुळे वॉर्डाची सगळी मदार या काढ्यावर. बावन्नांपैकी एक बंडू, अच्युतच्या बायकोचा, विनताचा, धाकटा भाऊ. नऊ दिवस झाले होते त्याला. विनता रोज विचारायची आणि अच्युत रोज तेच सांगायचा, "काढा चालू आहे, माझ्या हातचा. घाबरून नको राहू."

अंजनी पोतं शिवायला आली. मंडल्याकडची ही बाई साल निवडायचं काम करी. तिने सहज चिमूटभर भुगा तोंडात टाकला.

"बाबूजी, इसको पास किया? ये तो दूधी है, काला कुड़ा. हमारे गाँव में इसकी लकड़ी की कंघी बनती है."

"कडू आहे. मी आत्ता चाखली."

"काहे की कड़वी? लल्ला को दूध में दे दो, पी जाएगा."

"तू दिवसभर पान चघळतेस. तुझी जीभ मेली."

"और आपकी जिंदा है?" अंजनी हसली आणि दाभण ओवायला लागली.

अच्युतने माठातलं पाणी प्यायलं. पाणी कडू लागलं. मनगट चाटून पाहिलं, घामही कडू. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. हिवतापाने माणसं गैरहजर राहू नयेत म्हणून मालकाने फाटकावर पिवळ्या गोळ्या सुरू केल्या होत्या. सहा वाजता हवालदारासमोर गोळी गिळायची, मगच आत. दहा मिनिटांनी नमुने; गोळीचा कडूपणा तोवर जिभेवरून गेलेला नसायचा.

त्याने वही मागे उलटली. गोळ्या २० ऑगस्टला सुरू झाल्या. त्याआधी दहा पोत्यांत तीन तरी परत जायची. त्यानंतर एकही गेलं नव्हतं.

कोठाराचे व्यवस्थापक रत्नाकरराव सात वाजता आले. अच्युतने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"काहून सांगून राहिलास हे मला?" रत्नाकररावांनी दार लोटून घेतलं. "पंचवीस दिवसांचा काढा लोकांच्या पोटात गेला. तो परत काढणार आहेस का?"

"आजचा थांबवू."

"अच्छा. आणि कारण काय लिहू? खरी पोती असतील ना यात चार-दोन? सगळी एकत्र कर. थोडं थोडं कडू सगळ्यांत येईल. कुणाला कळत नाही."

"बंडू आहे तिथे, रत्नाकरराव."

"म्हणूनच म्हणतो, गप्प राहा. चौकशी लागली तर पहिला तू जाशील."

अच्युत बाहेर आला. प्रथमोपचाराच्या पेटीतून त्याने आयोडीनची बाटली काढली. प्रत्येक पोत्यातली चिमूट सौम्य आम्लात भिजवली, फडक्यातून गाळली आणि वर दोन-दोन थेंब सोडले. खरी साल असली की पाणी विटकरी, गढूळ होतं. एकवीस पेल्यांत चार गढूळ झाले. तीच चार पोती त्याने भट्टीकडे ओढली आणि पहाटे उकळून ठेवलेला काढा मोरीत ओतला. रत्नाकरराव दारातून बघत होते. अडवायला ते पुढे आले नाहीत. अच्युतने वहीत लिहिलं : "२० ऑगस्टपासूनच्या माझ्या सर्व नोंदी चुकीच्या धराव्यात." खाली सही केली.

"चलो, झालं," रत्नाकरराव म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

नवा काढा अकराला तयार झाला. काढा नेणारा तांगा रिकामाच निघून गेला होता. अच्युतने दोन कॅन सायकलला बांधले आणि तो खमरियाला निघाला. चढावर तो सायकल हातात धरून चालला.

बंडूचे डोळे खोल गेले होते. त्याने पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"भाऊजी, आज काय घातलं यात? इतके दिवस चांगला फिका होता. मला वाटलं, आपला माणूस आहे म्हणून माझ्यापुरता गोड केला."

अच्युतने पेला तसाच त्याच्या ओठांशी धरून ठेवला. "पी," तो शेवटी म्हणाला. "सगळा पी."

वॉर्डाचे डॉक्टर शैलेंद्र यांनी अच्युतचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर अच्युतला बरं वाटलं असतं.

"असर होने में आठ-दस दिन लगते हैं," ते म्हणाले.

"मग दहा दिवस देऊ, साहेब. चार पोती आहेत, वॉर्डाला भरपूर पुरतील."

"काढ़ा तो पूरा पड़ेगा, गणोरकरजी." डॉक्टरांनी तेराव्या खाटेकडे, बंडूकडे पाहिलं. "इनके पास दस दिन नहीं हैं."

"सुई?"

"एक भी नहीं. तार तीन बार कर चुका हूँ."

संध्याकाळी विनता भावासाठी पेजेचा डबा भरत होती. तिने विचारलं, "आज कसा आहे?" अच्युतने सगळं सांगितलं, गोळीपासून. तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग ती म्हणाली, "रोज सांगून राहिले होते तुम्ही मला, घाबरू नको म्हणून." आणि डबा उचलून ती एकटीच वॉर्डाकडे निघाली.

वॉर्डात काढ्याची पहिली फेरी उद्याही साडेआठला निघेल. पहिल्या खाटेपासून तेराव्या खाटेपर्यंत पोचायला सात मिनिटं लागतात.