साडेतीन दिवसांचं वर्ष

धाकटी बहीण परदेशातून आली होती. आमच्या मुख्याध्यापकांनी तिला राहात्याला, मी विज्ञान शिकवते त्या शाळेत बोलायला बोलावलं.

ती ज्या ग्रहाचा अभ्यास करते तो दूरच्या एका ताऱ्याला अगदी खेटून फिरतो. गुरूएवढा मोठा, सगळा वायूच, पाय ठेवायला जमीन नाही. वर्ष साडेतीन दिवसांचं, आणि उष्णता इतकी की लोखंडाचीही वाफ व्हावी. माझ्या तासाला जांभया देणाऱ्या मुली टक लावून ऐकत होत्या. मला ते बघवेना. वडील आजारी पडले तेव्हा पुण्याला एम.एस्सी.चा प्रवेश मी सोडला होता. पुढं शिकायला ती गेली.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दुर्बिणीतून कसा दिसतो तो?"

"मी तो पाहिलेलाच नाही," बहीण म्हणाली. "तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. तेवढंच आम्ही मोजतो."

मी मागून मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे तासभर आम्ही न पाहिलेल्या गोष्टीचं कौतुक ऐकतोय!"

मुली खो खो हसल्या. तीही हसली, पण तिचे कान लाल झाले. पुढचं ती घाईघाईनं उरकून खाली बसली.

घरी आईनं दारातच विचारलं, "कसं झालं गं?"

"छान. ताईनंसुद्धा प्रश्न विचारला," ती म्हणाली.

आई खूश होऊन शेजारी सांगायला गेली, "माझ्या लेकीचा ग्रह लई तापलेला हाय!" माझ्याबद्दल असं सांगत ती कधी कुणाच्या दारात गेली नव्हती.

स्वयंपाकघरात मी चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाले, "तुझ्याकडं बघून जळते मी."

"माहितीये," ती म्हणाली. "कधीपासूनच." मग तिनं कप विसळायला घेतले. मला रडू आलं, पण मन हलकं काही झालं नाही.

ती परत गेल्यावर त्याच मुलीनं मला वर्गात अडवलं. "मॅडम, उजेड कमी होतो म्हणजे कसा?" परीक्षेला नाही, असं म्हणणार होते. मग खिडक्या लावायला सांगितल्या, मोबाईलची बॅटरी लावली आणि तिच्यासमोरून एक बोर हळूहळू सरकवलं. भिंतीवर सावली सरकली तशी मागच्या बाकावरच्या मुली उठून पुढं आल्या. लागोपाठ दोन तास मी तेच शिकवलं.

बहिणीला मी हे अजून कळवलेलं नाही.