जीपमधलं शब्दकोडं

पेपरात शब्दकोडं दिसलं की नेकनूरहून बीडला निघालेली ती जीप आठवते. कापूस वेचताना बायकोच्या पायाला साप चावला होता. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, मामीला झोपू देऊ नका, बोलत ऱ्हावा." आता बोलू काय? तिच्या ओटीत कापसाखाली पेपराची घडी होती. दुपारच्या सुट्टीत ती कोडं सोडवायची. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षराला अक्षर जुळवत वाचलं, "देवळाचा वरचा भाग, तीन अक्षरी." "कळस," ती पुटपुटली. पुढचं वाचलं, "पाण्याचा मोठा साठा, तीन अक्षरी." उत्तर आलं न्हाई. पापण्या मिटत चालल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती. खांदा गदागदा हलवला, तरी न्हाई. "विहीर लिहू का? बोल की गं!" मी ओरडलो. डोळे न उघडता ती म्हणाली, "उभा शब्द आधीच भरलाय मी. मधलं अक्षर 'ला' आलंय. विहीर कशी बसंल तिथं? तलाव लिवा." त्या दिवशी ती जगली. गेल्या साली मात्र झोपेतच गेली. मी शेजारीच होतो, घोरत.