दुपट्यात गुंडाळलेली लेन्स

रविवारी सकाळी मिरजगावच्या पुढच्या माळावर एका मावशींनी मला चांगलंच झापलं. माझा गुन्हा काय, तर मी एका पक्ष्याची वाट बघत बसले होते!

आधी थोडं मागचं सांगते. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला... फ्रोजन शोल्डर. स्वतःची वेणी घालता येईना, तिथे माझी ती वरवंट्यासारखी लेन्स कुठली उचलणार? पुढे खांदा सुटला, पण डॉक्टरांनी बजावलं, मोठं वजन आता विसरा.

आमच्या पक्षीवाल्या ग्रुपवर विचारलं, तर सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणे ट्रायपॉड घ्या. अहो, उघड्या माळावर ट्रायपॉड उभा करेपर्यंत पक्षी पुढच्या तालुक्यात! एकाने तर लिहिलं, "हलक्या लेन्सने पक्षी मुंगीएवढा दिसेल मॅडम, त्यापेक्षा फुलांचे फोटो काढा." हे वाचून मी अक्षरशः रडले. फुलांवर माझा राग नाही हो... पण फुलं पळत नाहीत ना!

तेवढ्यात माझी मैत्रीण वंदना धावून आली. तिने तिची छोटी झूम लेन्स माझ्या हातात ठेवली. म्हणाली, जमली तर तुझी, नाही जमली तर परत कर. मी मनाशी ठरवलं, हा शेवटचा प्रयत्न. हात थरथरला, खांदा बोलला, तर कॅमेरा विकून टाकायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

आता आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. वारा सुटला की नुसता फुफाटा, लेन्सच्या खाचाखाचांत माती. प्लास्टिकचं कव्हर घातलं तर ते फडफडतं आणि पक्षी बिचकतात. बराच विचार करून मी कपाटातून नातीचं दुपटं काढलं... जुन्या सुती साडीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते कॅमेऱ्याला गुंडाळलं आणि लेन्सच्या तोंडावर तिचं टोपडं चढवलं. नाड्यांसकट, अगदी मापात! आमचे हे म्हणाले, "आता बारसं तेवढं करून टाक."

तर रविवारी हे रस्त्याकडेला गाडीत पेपर वाचत बसले, आणि मी माळावर एका बोरीच्या सावलीत मांडी घालून. मांडीवर ते गाठोडं. मला हवा होता धाविक. मातकट रंगाचा, लांब पायांचा पक्षी... तुरुतुरु पळतो, मध्येच थांबतो, मान ताठ करून बघतो, की पुन्हा पळाला. नावाला जागणारा अगदी!

दिसला एकदाचा, पण फार लांब. मी श्वास रोखून बसले... आणि नेमका मागून खणखणीत आवाज आला, "आगं बया! ह्या उन्हाचं लेकरू घिऊन बसलीस व्हय? अक्कल हाय का न्हाई?"

वळून बघते तर शेरडं घेऊन आलेल्या एक मावशी, कमरेवर हात ठेवून उभ्या. पक्षी उडेल या भीतीने मी पटकन ओठांवर बोट ठेवलं. "श्शऽऽ..."

मावशींचा चेहराच पालटला. "झोपलंय व्हय..." असं पुटपुटत त्या पाय न वाजवता आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. वर पदर धरून माझ्या 'लेकरावर' सावलीसुद्धा केली! आता खरं सांगायला तोंड उघडावं, तर धाविक पळेल.

आणि इथेच गंमत झाली. शेरडं समोर चरत पांगली, त्यांच्या पायांमुळे गवतातले किडे उडायला लागले, आणि ते टिपत टिपत धाविक आमच्याच दिशेने यायला लागला. जवळ... आणखी जवळ. मावशींची नजर शेरडांवर होती, तोवर मी हळूच टोपडं काढलं, कोपर पोटाशी घेतलं, भार हातावर पेलला. तान्ह्या बाळाला धरतात ना, अगदी तसं. धडाधड फोटो घेतले, आणि खांद्याने हूं की चूं केलं नाही!

एवढ्यात मावशींनी कौतुकाने वाकून बघितलं. "कुणावर गेलंय गं?" ...आणि दुपट्यातून काच चमकली.

मग त्या जे हसत सुटल्या! "आगं माझे बया, कॅमेऱ्याला टोपडं!" धाविक कधी पळाला ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. किती महिन्यांनी अशी हसले असेन कोण जाणे.

मग मावशींना फोटो मोठा करून दाखवला. धाविकच्या डोळ्यापासून मागे जाणारी ती काळी रेघ बघून त्या म्हणाल्या, "काजळ घातलंय की गं ह्यानं! रोज बघती मी ह्याला, पर येवढं देखणं हाय व्हय!"

निघताना त्यांनी लेन्सवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग पायाखालची चिमूटभर माती घेऊन लेन्सच्या तोंडावरच्या कड्यावर, म्हणजे हूडवर, बोट टेकवलं. "लई गुणाचं लेकरू. नजर नगं लागाया."

घरी आल्यावर ब्लोअर, ब्रश, मऊ फडकं घेऊन बसले. सगळी धूळ कानाकोपऱ्यातून काढली. हूडवरचं ते मातीचं बोट मात्र मी पुसलं नाही. मावशी, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचे उपकार आहेत माझ्यावर.

संध्याकाळी वंदनाचा फोन आला. "काय गं, लेन्स ठेवतेस की परत करतेस?"

म्हटलं, वेडी का तू... तीट लावलेलं लेकरू कुणी परत देतं का?