नववीच्या मिशीवाल्यांना मुकुट रंगवायला देतात तेव्हा

‘खालील मुकुट रंगवा.’

कागदावर एवढंच लिहिलं होतं आणि खाली मुकुटाचं चित्र होतं. समोर नववीची मुलं बसली होती. त्यातल्या ओंकारला मिसरूड फुटलं होतं. सकाळी म्हशींचं सगळं उरकून तो शाळेत यायचा. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "बाई, हे आमचंच हाय का बालवाडीचं चुकून आलंय?"

वर्गात हशा पिकला. माझं मात्र टाळकं सरकलं, कारण कागद चुकून आलेला नव्हता.

मी मराठीची शिक्षिका. गेल्या वर्षी रिटायर झाले. राहायला नारायण पेठेत आणि शाळा कात्रजच्या पुढे, त्यामुळे अर्धा जन्म स्कूटरवर गेला. आमच्या शाळेत नववीला एक जुनं संगीत नाटक पूरक वाचनाला असायचं आणि वर्षअखेरीला त्यावर तोंडी परीक्षा. संस्थापकांचं आवडतं नाटक. संस्थापक गेले, नाटक राहिलं. भाषा अशी की पानापानावर ‘हे हतभाग्या’ आणि ‘धिक्कार असो’. कुणी मरायला निघाला की आधी पद म्हणतो, आणि पद संपेपर्यंत मारणाराही ताटकळत उभा राहतो.

पण गोष्ट फर्मास आहे. एका संस्थानच्या दिवाणाचा मुलगा शिकारीला जातो आणि त्याच्या बंदुकीने एक माणूस मरतो. दिवाण आपल्या म्हाताऱ्या नोकराला, म्हणजे हुजऱ्याला, बोलावतो आणि गोड बोलून गुन्हा त्याच्या गळ्यात घालतो. पुढे दरबार भरतो आणि शिक्षा होते. अख्ख्या नाटकाचा जीव त्या गोड बोलण्याच्या प्रवेशात आहे.

वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर एक जादा तास असतो. त्याला म्हणतात उपचारात्मक वर्ग. नाव ऐकून वाटावं, मुलांना सलाईन लावणार आहेत. त्या वर्षी तो तास माझ्याकडे होता आणि त्यासाठी शाळेने बाहेरून एक ‘ॲक्टिव्हिटी किट’ घेतलं होतं. कच्च्या मुलांसाठी नाटक सोपं करून दिलंय म्हणे. मी ते पहिल्यांदा उघडलं तेच वर्गात. मुकुट रंगवा. जोड्या लावा, एका बाजूला दिवाण, दुसऱ्या बाजूला पगडी. चौकटीत लपलेले शब्द शोधा. शेवटी एका पानात कथा. आणि तो गोड बोलण्याचा प्रवेश? त्याचं काय केलं होतं? एक ओळ. ‘दिवाणाने हुजऱ्याला समजावले. हुजऱ्या तयार झाला.’

झालं! संपलं नाटक.

मी कागद गोळा केले आणि तशीच ऑफिसात गेले. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. स्वभावाने वाईट नव्हत्या. आवाज कधी चढायचा नाही, सगळ्यांना अहोजाहो. पण निकाल हा शब्द आला की बाई बदलायच्या.

"मोठ्या बाई, हे काय आहे?"

"किट आहे लेलेबाई. सोपं केलंय."

"हे सोपं नाही, रिकामं केलंय. कापूस काढून घेतलेली उशी आहे ही."

"अहो, ज्यांना धड वाचता येत नाही त्यांना तुम्ही नाटक काय शिकवणार?"

"नाटक बघायचं आणि बोलायचं असतं. पिढ्यान्पिढ्या निरक्षर माणसं नाटकं बघत आली. त्यांना कळलीच ना? कुणी मुकुट रंगवत नव्हतं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, आपल्यातच ठेवा. तुम्ही तास घ्या, वर्कशीट भरून घ्या, फाइलला लावा. पालकांना दाखवायला काहीतरी लागतं. शाळेने प्रयत्न केला, मुलाला झेपलं नाही. मग सतरा नंबरचं बोलणं सोपं जातं."

सतरा नंबर म्हणजे काय ते सांगते. शाळा मध्येच सुटलेल्या माणसाला बाहेरून दहावी देता यावी म्हणून एक फॉर्म असतो. मुळात भल्याचीच सोय. आमच्या शाळेने तिचं काय केलं, तर नववीतल्या कच्च्या मुलाच्या आईबापांना बोलवायचं आणि ‘आम्ही स्वेच्छेने मुलाचा दाखला काढत आहोत’ असा अर्ज त्यांच्याकडून घ्यायचा. मुलगा दहावीला बाहेरून बसणार. नापास झाला तरी शाळेच्या निकालात धरला जाणार नाही. गेटवर फ्लेक्स झळकणार, निकाल शंभर टक्के! बाहेरून बसवलेली मुलं पुढे बहुतेक बसतच नाहीत. मला ती हायवेवरच्या गॅरेजमध्ये भेटायची. स्कूटर पंक्चर झाली की ओळख निघायची.

"यंदा कोण?" मी विचारलं.

"ओंकारचं नक्की आहे. बाकीचे बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा वर्ग मुलांना वर काढायला नव्हताच. बाहेर काढायला होता, आणि ते काम माझ्या हातून व्हायचं होतं. मी म्हटलं, "तास मी घेईन. वर्कशीट मात्र भरून मिळणार नाहीत." आणि दार जरा जोरात लावून निघाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाकं भिंतीला सरकवली. पुस्तकं दप्तरात. आधी गोष्ट सांगितली, मग तो प्रवेश घेतला. मराठीत आपण म्हणतो ना, ओठात एक आणि पोटात एक? त्याचाच खेळ केला. एका पात्राला दोन मुलं. पुढचा ओठ, मागचा पोट. पुढच्याने नाटकातलं वाक्य म्हणायचं. मागच्याने त्याच्या पाठीशी उभं राहून पोटातलं बोलायचं, ज्याला जसं बोलता येईल तसं. एवढीच ॲक्टिव्हिटी. साहित्य काही लागत नाही. किट विकणाऱ्यांचं त्यात नुकसान आहे, पण इलाज नाही.

ओंकार दिवाणाचं पोट झाला. वाक्य मी म्हणून दाखवायचे, पुढचा मुलगा माझ्यामागून म्हणायचा.

ओठ म्हणाला, "तुझ्या कल्याणाचीच चिंता आम्हांस आहे."

मागून ओंकार म्हणाला, "कल्याण गेलं खड्ड्यात. माझं पोरगं सुटलं पायजे. तू गेलास तर गेलास."

मुलं पोट धरून हसली. ओंकारही हसला. त्याला वर्गात हशा मिळाला होता, पण कुणी त्याला हसत नव्हतं.

ओठ पुढे म्हणाला, "तुजवर बळजोरी नाही. तू स्वेच्छेने कबूल हो."

ओंकारने मागून मान पुढे काढली. मग म्हणाला, "स्वेच्छेने म्हंजे मी सांगनार आन् तू हो म्हननार."

तीस वर्षं मी ते नाटक शिकवलं. त्या वाक्याचा इतका नेमका अर्थ हुशार तुकडीतल्या एकानेही सांगितला नव्हता. त्यांना नोट्स मिळायच्या ना!

हुजऱ्याचं काम साक्षीकडे होतं. अंगाने किरकोळ मुलगी. वर्गात हजेरीपलीकडे आवाज नाही. तिला ‘होय सरकार’ म्हणायचं होतं आणि ती म्हणेना.

"काय झालं गं?"

"बाई, हा हो का म्हणतो? यानं काय केलंय?"

"मालकाचं मीठ खाल्लंय म्हणतो."

"मग कामपण केलंच ना यानं. फुकट खाल्लं का?" तिचा आवाज एवढा चढला की तिची तीच दचकली. त्या दिवशी तास संपवणं मला जड गेलं. मुलं भांडत होती, हुजऱ्याने पळून जावं की दरबारात खरं सांगावं. नंतर पुस्तकं काढली. प्रत्येकाने आपापलं वाक्य शोधलं आणि बोट ठेवून वाचलं. वाक्य काय म्हणतंय ते आधीच माहीत होतं, त्यामुळे शब्दांची भीती कमी झाली होती. वाचन अडखळतच झालं. चमत्कार वगैरे झाला नाही. पण वाचायला कुणी मागे सरकलं नाही.

असे बरेच तास झाले. आवाज वाढला. शेजारच्या वर्गातून तक्रार गेली आणि एके दिवशी मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या. ओंकार रंगात आला होता. "दिवाणाला आतनं भ्या हाय," असं काहीतरी चाललं होतं.

"हाय नाही. आहे म्हणावं," मोठ्या बाई म्हणाल्या. "शाळा आहे ही."

ओंकारचं तोंड मिटलं ते तास संपेपर्यंत उघडलं नाही. मला इतका संताप आला की मुलांसमोरच बोलले, "मोठ्या बाई, तो विचार करत होता. आहे-नाही नंतर बघितलं असतं."

त्यांनी शांतपणे विचारलं, "वर्कशीट कुठे आहेत?"

"मुकुट कुणी रंगवले नाहीत."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचं ‘बरं’ म्हणजे बरं नसायचं.

पुढच्या आठवड्यात मला ऑफिसात बोलावलं. ओंकारचे वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. इस्त्रीचा शर्ट घालून, सुट्टी टाकून आले होते. ओंकार दाराशी उभा. टेबलावर चहा, अर्ज आणि अर्जावर पेन. मला बोलावलं होतं ते ‘मुलाला मराठीसुद्धा झेपत नाही’ असं माझ्या तोंडून वदवून घ्यायला.

"लेलेबाई आल्या. याच त्याला शिकवतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाई, सांगा यांना."

"त्याला झेपतंय," मी म्हटलं. "वाचनाला वेळ लागतो. समज चांगली आहे."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वडिलांकडे वळल्या. असा मधाळ आवाज मी क्वचितच ऐकला. "हे बघा, आम्हाला ओंकारच्या भल्याचीच काळजी आहे. उद्या दहावीत नापास झाला तर खचून जाईल. बाहेरून निवांत बसेल. आमची जबरदस्ती मुळीच नाही हं! तुम्ही स्वेच्छेने अर्ज द्यायचा."

"तुम्ही म्हणाल तसं मॅडम," वडील म्हणाले. "तुम्ही शिकल्याली माणसं. वाईट कशाला सांगाल?" आणि त्यांनी पेन उचललं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात ओंकार दाराजवळून हलला. मला वाटलं रडतोय, बाहेर जातोय. तो टेबलाला वळसा घालून गेला आणि मोठ्या बाईंच्या खुर्चीमागे, बरोबर त्यांच्या पाठीशी उभा राहिला. हात मागे बांधले. आणि म्हणाला, "भलं गेलं खड्ड्यात. आमचा निकाल शंभर टक्के लागला पायजे. तू गेलास तर गेलास."



"काय बोलतुयास रं?" वडील म्हणाले.

"पप्पा, ह्यांच्या पोटातलं बोललो. सही करू नका."

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. खुर्चीतून त्यांना वळता येईना. "लेलेबाई, हे तुम्ही शिकवलंत?"

"हो," मी म्हटलं. "किटमध्ये नव्हतं."

वडील माझ्याकडे बघत होते. "बाई, खरं सांगा. अर्ज न्हाई दिला तर पोराला काढता येतं का?"

"नाही. नववी पास झाला तर दहावीत जाईल. नापास झाला तर पुन्हा नववीत बसेल. पण शाळेतच बसेल."

त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन अर्जावर ठेवलं आणि उठले. "मग न्हाई देत मॅडम. चहाबद्दल आभारी हाय," म्हणाले आणि मुलाच्या खांद्याला धरून त्याला घेऊन गेले. चहाला त्यांनी हात लावला नव्हता.

मला मेमो मिळाला. मेमो म्हणजे लेखी कानउघाडणी, सोप्या शब्दांत. विद्यार्थ्याला उद्धटपणा शिकवल्याबद्दल. मी उत्तरात लिहिलं की विद्यार्थ्याला पाठ समजला असून त्याचा पुरावा मुख्याध्यापिकांच्या उपस्थितीत मिळालेला आहे. त्यावर पुढे काही आलं नाही. उपचारात्मक वर्ग माझ्याकडून काढून खेळाच्या सरांना दिला, किटसकट. बिचाऱ्यांनी मुकुट रंगवून घेतले.

ओंकार नववी काठावर पास झाला. दहावीत मराठी सुटलं, गणित राहिलं, ते त्याने फेरपरीक्षेत सोडवलं. त्या वर्षी गेटवर फ्लेक्स लागला नाही. मोठ्या बाई माझ्याशी मी रिटायर होईपर्यंत कामापुरतंच बोलल्या, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

पण राग अजून गेलेला नाही, आणि तो ओंकारमुळे नाही. ओंकारच्या वडिलांना बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी साक्षीच्या आईला बोलावलं होतं. ती चार घरची कामं करायची. दोन कामांच्या मध्ये पळतपळत आली. मला कुणी कळवलंच नाही, आणि साक्षी त्या वेळी वर्गात, माझ्याच तासाला बसलेली होती. आईने ‘स्वेच्छेने’ सही केली, मोठ्या बाईंना नमस्कार केला आणि पुढच्या कामावर गेली. मला कळलं तेव्हा दाखला तिच्या हातात पडला होता. मी घरी जाऊन आले. आई म्हणाली, "मॅडम किती गोड बोलल्या हो! आमच्याशी कोण बोलतंय असं?" साक्षी दहावीला बसली नाही. आता आईबरोबर कामाला जाते.

नवीन शिक्षक मला विचारतात, कच्च्या मुलांना नाटक कसं शिकवावं? मी त्यांना ओठ आणि पोटाचा खेळ सांगते. आणि वर सांगते, मुलांचा जादा तास घेण्याआधी पालकांचा घ्या. सह्या ते करतात.