चांगुणाबाईचा पुकारा

चांगुणाबाई सोनकांबळे लातूरला नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती. झाडून काढणं, सुया उकळणं, डॉक्टरांचा चहा आणणं ही तिची कामं. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती लक्षात राहायची आवाजामुळं. तिनं नाव घेतलं की रस्त्यापलीकडं लिंबाखाली बिडी ओढत बसलेला माणूससुद्धा उठून यायचा. हा आवाज तिनं मुखेडकडच्या आपल्या गावातून आणला होता. लहानपणी जोंधळ्याच्या राखणीला तिला बसवायचे. गोफण नीट जमायची नाही, म्हणून ती नुसती ओरडून पाखरं उठवायची.

सातवी झाली त्या साली बहात्तरचा दुष्काळ पडला. आईबापासंगं तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. त्याच कामावर लिंबाजीच्या घरच्यांशी ओळख झाली, आणि पुढं त्याच्याशी लग्न होऊन ती लातूरला आली. लिंबाजी मोंढ्याजवळच्या कडबा गल्लीत गुरुपादप्पाच्या आडतीवर हमाल होता.

उस्मानाबादेपासून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा लोकांनी गुलाल उधळला होता. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याची ही गोष्ट. कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांत होत्या आणि कोणता साहेब कुठं बसतो हे विचारत माणसं हिंडायची. पाऊस कमी झाला होता. नळ कधी यायचा ते सांगता येत नव्हतं, हापशांना नुसती हवा यायची. अशात दवाखान्यात उलटी-जुलाबाची माणसं येऊ लागली. आधी एक-दोन, मग बैलगाडीत घालून आणलेली, डोळे खोल गेलेली. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, पटकी आली. आरोग्य अधिकारी डॉक्टर नरसिंगराव म्हणाले, कॉलरा आहे, नाव काहीही द्या. सुट्टीमुळं रिकामी असलेली एक शाळा त्यांनी ताब्यात घेतली, बाकडी बाहेर काढली आणि वर्गांत खाटा टाकल्या.

"ही साथ आपल्या गावापुरती नाही," ते दवाखान्यातल्या माणसांना म्हणाले. "वीसेक वर्षं झाली, देशोदेशी हिंडून राहिलीय. आपण तिला हाकलू शकत नाही. पाणी सांभाळलं तर ती आपल्याला सोडून पुढं जाईल."

पाणी सांभाळा हे लोकांना सांगणार कसं? पेपर थोड्या घरी यायचा. नगरपालिकेचा पुकारा करायला शेषेराव नावाचा म्हातारा शिपाई होता. मौलासाबच्या टांग्यात भोंगा घेऊन तो गल्लोगल्ली फिरायचा. पण शेषेरावच आजारी पडला आणि शाळेतल्या खाटेवर जाऊन निजला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चांगुणाला बोलावलं.

"चांगुणाबाई, शेषेराव बरा होईस्तोवर तुम्ही भोंगा घ्या."

"मी? टांग्यात बसून?"

"वाचता येतं ना?"

"वाचता येतंय, साहेब."

लिंबाजीला हे पटलं नाही. "बाया कुठं भोंग्यावर बोलत असतात?" तो म्हणाला. चांगुणा म्हणाली, शेषेराव उठला की मी सोडते. तिलाही तसंच वाटत होतं.

पहिल्या दिवशी तिनं दिलेला कागद जसाच्या तसा वाचला. टँकर कोणत्या चौकात उभा राहणार, सुई कुठं टोचणार, मीठ-साखरेच्या पुड्या कुठं मिळणार, पाणी उकळून गार करून प्यावं, जुलाब लागले तर लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर घालून रोग्याला पाजत राहावं. तिचा आवाज ऐकून बायका दारात आल्या. मौलासाब प्रत्येक वळणावर टांगा उभा करायचा आणि म्हणायचा, "बोलो बाई, घोडा दम खातो तवर बोलून घ्या."

स्टेशनमागच्या वस्तीत एका म्हातारीनं टांगा अडवला. "बाई, टँकर कवा येनार ते सांग. घरात थेंब न्हाई."

कागदावर वेळ लिहिलेली नव्हती. म्हातारीच्या तोंडाकडं बघून चांगुणा बोलून गेली, "येईल की आजी, उद्या सकाळच्याला येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका घागरी मांडून उन्हात बसल्या. टँकर आलाच नाही. लांबच्या विहिरीवर त्याचा नंबर लागला नव्हता. दुपारी चांगुणाचा टांगा वस्तीत शिरला तेव्हा कुणी शिव्या दिल्या, कुणी रिकामी घागर टांग्याच्या चाकापुढं आणून आदळली. म्हातारी आपली रिकामी घागर उचलून घरात गेली, तेच चांगुणाला लागलं. ती खाली उतरली आणि भोंगा न लावता म्हणाली, "चुकलं माझं. मला म्हाईत नसताना बोलले. आता जे म्हाईत हाय तेवढंच सांगीन."

त्यानंतर ती तसंच करू लागली. टँकरची वेळ ठाऊक नसली तर "वेळ ठाऊक न्हाई" असं भोंग्यातून सांगायची. डॉक्टरांना हे सुरुवातीला आवडलं नाही. नगरपालिकेला ठाऊक नाही असं कसं सांगता, ते म्हणाले. पण लोक मुकाट घरी जाऊन आपली कामं करत होते आणि टँकर आला की येत होते. शाळेत माणसं वेळेवर येऊ लागली, आधीसारखी शेवटच्या घटकेला नाही. डॉक्टरांनी मग तिला रोज सकाळी जवळ बसवून काय ठरलंय आणि काय ठरलेलं नाही ते दोन्ही सांगायला सुरुवात केली.

मग कडबा गल्लीचा प्रश्न आला.

शाळेतल्या बऱ्याच खाटांवर त्याच बाजूची माणसं होती, आणि ती सगळी गुरुपादप्पाच्या विहिरीचं पाणी पीत होती. आडतीच्या मागच्या वाड्यात ही विहीर होती. अप्पाच्या आज्यानं खांदलेली, कधी न आटलेली. टंचाई पडल्यापासून अप्पानं मागचं फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. चांगुणा राहायची त्या भीमनगरच्या बायकाही तिथंच जायच्या. फरक एवढाच की गल्लीतल्या बायका स्वतः रहाट ओढायच्या आणि भीमनगरच्या घागरीत अप्पाचा गडी पाणी ओतायचा. त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. पाणी लागत होतं.

डॉक्टरांनी पाण्याचा नमुना तपासायला पाठवला होता. तो खराब निघाला. ते स्वतः नोटीस घेऊन गेले आणि लाल तोंडानं परत आले. अप्पानं नोटीस हातात धरली नव्हती. "अख्खं गाव तहानलेलं असताना मी पाणी दिलं, आणि तुम्ही मला विष देणारा ठरवता," असं तो म्हणाला होता. संध्याकाळी आडत बंद करताना त्यानं लिंबाजीला हाक मारली. "लिंबाजी, तुझ्या बायकोला सांग, टांगा आपल्या गल्लीत आणू नको म्हणावं." एवढंच. आवाज चढवला नाही.

लिंबाजी घरी आला, डोक्याचं फडकं सोडून बसला. मग म्हणाला, "चांगुणे, उद्या कडबा गल्ली सोड. बाकी गावभर वरड."

"तिथलीच मानसं आजारी हायती."

"दुसरा कुनी सांगंल. डाक्टर सांगंल."

"डाक्टर गेले हुते. ऐकलं का त्यांनी?"

"तुझं ऐकतील? मी त्यांच्या आडतीवर पोती उचलतो. लगीन झालं तवा लुगडं त्यांनी दिलं हुतं तुला."

"हाव. म्हणूनच आधी जाऊन सांगते."

ती उठली, तोंड धुतलं आणि दिवेलागणीला एकटी अप्पाच्या दारात गेली. अप्पा ओट्यावर बसला होता, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. ती पायरीखाली उभी राहिली.

"अप्पा, उद्या मी भोंग्यातून तुमच्या विहिरीचं नाव घेनार हाय. परभारे कळू नये, म्हणून आधी तुमच्या कानावर घालायला आले."

अप्पा म्हणाला, "लिंबाजीनं निरोप सांगितला न्हाई का?"

"सांगितला."

"मग?"

"पानी खराब निघालंय, अप्पा. मला ठाऊक असून मी सांगितलं न्हाई, अन् उद्या कुनी मेलं, तर मी काय करू?"

"अन् विहीर बंद केल्यावर हे लोक काय पितील? टँकर येतो का रोज?"

"न्हाई. त्याचं मला सांगता येत न्हाई."

"बघ. तुलाच ठाऊक न्हाई."

चांगुणा पायरीखालून हलली नाही. तेवढ्यात आतून अप्पाची बायको दानम्मा चौकटीपाशी आली. ती सहसा बाहेरच्या बोलण्यात पडत नसे.

"गेल्या वर्षी परसात संडास बांधला," ती म्हणाली, "तेव्हा त्याची टाकी विहिरीजवळ नको म्हटलं होतं मी. गवंडी म्हणाला काही होत न्हाई, तुम्हीपण म्हणालात. उन्हाळा लागल्यापासून पाण्याला वास येतोय. आपण वरच्या टाकीतलं नळाचं साठवलेलं पितो. विहिरीचं गल्ली पिते."

अप्पानं परसाकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "तुला काय पुकारायचं ते पुकार. जा आता."

ही परवानगी होती की धमकी, हे चांगुणाला परत येताना कळेना. लिंबाजीनं विचारलं तेव्हा तिनं जसं झालं तसं सांगितलं. तो पाठ फिरवून निजला.

सकाळी कडबा गल्लीच्या तोंडाशी मौलासाबनं लगाम ओढला. "बाई, जाना है ना?"

"चला."

फाटकापाशी नेहमीसारख्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. चांगुणानं भोंगा उचलला. "गुरुपादप्पांच्या विहिरीचं पानी तपासलंय. ते सध्या पिन्यासारखं न्हाई. विहीर साफ होईस्तोवर तिथलं पानी कुनी पिऊ नका, भांडीपण धुऊ नका. घरात भरून ठेवलेलं असंल तर वतून द्या. दुसरं पानी कुठून येईल ते अजून ठरलेलं न्हाई. ठरलं की मी येऊन सांगते."

एक माणूस घराच्या पायरीवरून म्हणाला, "आता विहिरीला नावं कोण ठेवून राहिलंय बघा. ज्यांना कालपर्यंत वरून वाढत होतो ते." दोघं-तिघं हसले. चांगुणानं त्याच्याकडं पाहिलं, आणि पुकारा पहिल्यापासून पुन्हा म्हटला.

अप्पा आडतीतून आला आणि फाटकातून आत गेला. सगळ्यांना वाटलं, आता हा गड्याला पाणी ओढायला सांगणार. पण तो विहिरीवर चढला, रहाटावरचा दोर स्वतःच्या हातानं सोडला, गुंडाळला, आणि खांद्यावर टाकून आडतीत ठेवून आला. मग त्यानं फाटकाला कुलूप लावलं. हसणारे हसायचे थांबले. बायका रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या. त्यांतल्या दोघींनी जाता जाता चांगुणाला वाटेल तसं बोलून घेतलं.

तो दिवस गल्लीला वाईट गेला. काहींनी लांबून पाणी आणलं, काहींनी विकत घेतलं, भीमनगरच्या बायका ओढ्यातल्या झऱ्यावर वाटी-वाटीनं भरत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा दवाखान्यात आला. तो खुर्चीवर बसला नाही. आडतीसमोर, गल्लीच्या तोंडाशी, त्याचा एक मोठा सिमेंटचा हौद होता, बाजाराला आलेल्या बैलांना पाणी पाजायचा. "तो घासून देतो," तो डॉक्टरांना म्हणाला. "टँकर गल्लीत आत शिरत न्हाई, पण हौदापर्यंत येतो. तुमचं औषध टाका, झाकण मी करून घेतो. रोज एक टँकर तेवढा माझ्या हौदावर लावून द्या."

डॉक्टरांनी होय म्हटलं. हौद लिंबाजीनं आणि दुसऱ्या हमालांनी घासला, चुन्यानं धुतला. अप्पानं गवंडी बोलावून खालच्या अंगाला तोट्या बसवून घेतल्या. जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकलेलं पहिलं पाणी आलं त्या दिवशी चांगुणानं पुकारा केला: हौदावर सगळ्यांनी या, एका घराला दोन घागरी. तोटीला पाणी ओतणारा गडी लागत नव्हता. भीमनगरच्या बायका रांगेत जिथं जागा मिळाली तिथं उभ्या राहिल्या. गल्लीतली एक बाई आपली घागर बाजूला ओढून घेऊन थोडा वेळ लांब उभी राहिली. पण टँकर दिवसाला एकच होता. पाणी संपत आलेलं दिसलं तशी ती रांगेत येऊन मिळाली. दानम्मा रोज दुपारी ओट्यावर मीठ-साखरेच्या पाण्याचं पातेलं घेऊन बसू लागली आणि चांगुणाच्या पुकाऱ्यात त्याचाही पत्ता आला.

त्या साथीत शेषेराव गेला. शाळेत तो सुधारला होता, घरी जाऊन पुन्हा पडला. म्हातारं शरीर, टिकलं नाही. चांगुणा त्याच्या घरी जाऊन बसली. तिला रडू आलं, आणि कशाचं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आपण त्याचा भोंगा तात्पुरता धरलाय असंच ती समजत होती.

लिंबाजीचं काम गेलं नाही. तो मात्र बरेच दिवस बायकोशी कामापुरतं बोलला. एकदा आडतीवर पोतं उतरवताना अप्पा त्याला म्हणाला, "तुझी बायको आधी घरी येऊन सांगून गेली. असं कोण करतंय आजकाल?" लिंबाजीनं हे घरी येऊन सांगितलं आणि मग तो पूर्वीसारखा बोलायला लागला. चांगुणाला त्याचा थोडा रागच आला. अप्पानं म्हटल्यावर तुमाला पटलं, असं ती म्हणाली. तो हसला नुसता.

पावसाळ्याच्या तोंडाला खाटा रिकाम्या झाल्या आणि शाळेत बाकडी परत गेली. अप्पानं संडासाची टाकी फोडून लांब बांधली, विहीर उपसली. नंतरचा नमुना चांगला आला. विहीर उघडल्याचा पुकाराही चांगुणानंच केला, पण लोकांना आता हौदाची सवय झाली होती. दोर पुन्हा रहाटाला लागला तो परसातल्या झाडांसाठी.

दिवाळीनंतर चांगुणाच्या नावानं नगरपालिकेचा हुकूम निघाला. पुकाऱ्याचं काम आता कायम तिच्याकडं. हुकूम मिळाल्यावरचा पहिला पुकारा होता तो गुरं मोकाट सोडू नयेत याचा. साथीत तिचा आवाज ऐकून धावत दारात येणाऱ्या माणसांतलं त्या दिवशी एकही बाहेर आलं नाही. तिनं तीनदा सांगितलं. टांग्याच्या बाजूनं कुणाची तरी म्हैस निवांत चालत होती. मौलासाब म्हणाला, "इसकू तो सुनाई दिया, बाई." चांगुणानं भोंगा मांडीवर ठेवला आणि टांगा पुढच्या गल्लीला घ्यायला सांगितला.