पाय धरायचा प्रवेश

भांडताना लोकांचा आवाज चढतो, आमची हिरॉईन मात्र गप्प व्हायची. गुलबर्ग्याच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो. तिथल्या आचाऱ्यानं एकदा तिला दुसरी भाकरी नाकारली. ती ताट घेऊन त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. रांग खोळंबली, मागच्या पोरी ओरडायला लागल्या, हिची पापणी हलेना. शेवटी त्यानं दोन वाढल्या. 'हिरॉईन' हे नाव तिला आमच्या गावानं, निंबर्ग्यानं ठेवलं होतं, आणि ते कौतुकानं ठेवलेलं नव्हतं.

तिचे वडील, सारा गाव त्यांना अप्पा म्हणतो, जत्रेच्या नाटकाचे कायमचे हीरो. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, तरी विशीतला राजपुत्र तेच. आमच्याकडं नाटकात गडी गावातले आणि बायका गुलबर्ग्याहून आणलेल्या. कमिटीनं नटीच्या घरी जाऊन पानाचा विडा दिला की काम ठरलं. मग तिनं फिरायचं नाही आणि गावानंही नाही. "विडा म्हंजे जबान," असं अप्पा छाती पुढं काढून सांगत. पण गावातल्या पोरीनं स्टेजवर चढायचं नुसतं म्हटलं तरी त्यांचं डोकं फिरे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी हिरॉईन कॉलेज सुटलं की अक्कांकडं जायला लागली. वर्षानुवर्षं निंबर्ग्यात आईचं काम करायला येणारी नटी म्हणजे या अक्का. नाटकात राजपुत्र आईचे पाय धरून माफी मागतो. अप्पा मात्र चार हात लांब उभे राहून हात जोडत. आणलेल्या बाईच्या पायाला हात कोण लावणार? अक्का हसत सांगायच्या, "तुझा बाप लई चांगला रडतो गं. पर लांबून." हिरॉईन हसली नाही. खोलीवर आल्यावर मला म्हणाली, "मी तितं आई म्हणून हुबी ऱ्हानार, आनि अप्पाला पाय धरायला लावनार."

मी म्हटलं, "आधी घरात तर टिक."

टिकली नाहीच. अक्कांच्या कंपनीत तिनं पहिलं काम केलं, ते अप्पांच्या कानावर गेलं, आणि निंबर्ग्यात पाऊल टाकायचं नाही असा निरोप आला. ती ट्रंक भरत होती आणि रडत होते मी. "तू कामून रडायलीस? हाकललंय मला," ती म्हणाली. मग कंपनीच्या तंबूतली नाटकं, मग बेंगळुरूची कानडी मालिका, एका मराठी सिनेमात नायिकेची बहीण. मालिका लागली की गावातल्या बाया टीव्हीपुढं बसत आणि अप्पा उठून पारावर जात. खेड्याचं नाव सांगू नकोस, असा तिला तिकडं कुणी सल्ला दिला. त्यानंतर प्रत्येक मुलाखतीत तिनं 'निंबर्गा, तालुका आळंद' असं पत्त्यासकट सांगितलं. मला तिचा तेव्हाही हेवा वाटायचा आणि आजही वाटतो.

पुढं अक्कांचे गुडघे गेले. अप्पा विडा घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, "यंदा माझी चेली यील. चालतंय?"

"तुमची चेली म्हंजे तुमीच," म्हणत अप्पांनी विडा त्यांच्या हातात ठेवला. नाव विचारलं नाही. आणलेल्या बाईचं नाव विचारायची आमच्या कमिटीला सवयच नव्हती.

नाटकाच्या दिवशी सकाळी शाळेसमोर जीप थांबली. आधी हिरॉईन उतरली, मागून काठी टेकत अक्का. परत पाठवा, असं कमिटीतलं कुणीतरी पुटपुटलं. "विडा दिलाय," अप्पा एवढंच बोलले. शाळेच्या खोलीत तालीम सुरू झाली. तो प्रवेश आला आणि अप्पांनी सवयीनं लांबून हात जोडले.

"बुकात पाय धरायचं लिहिलंय," ती म्हणाली.

"बापानं लेकीचं पाय धरायचं व्हय?"

"अक्का तर तुमची लेक न्हवती. तिचं कामून धरलं न्हाई?"

तालीम तिथंच मोडली.

रात्री नाटकात राजपुत्रानं पुन्हा लांबूनच हात जोडले. पुढचं वाक्य आईचं होतं. ते तिनं म्हटलंच नाही. नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी पडद्याआडून तिचं वाक्य दोनदा सांगितलं, पेटी थांबली, लोक चुळबुळले, मागून शिट्टी आली. आचाऱ्यापुढं उभी होती तशी ती उभी. विंगेत अक्कांनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की दुखायला लागलं. शेवटी अप्पा पुढं आले, वाकले, त्यांची बोटं तिच्या पायाला लागली. मगच ती म्हणाली, "ऊठ, बाळा." अक्का पदरात तोंड घालून रडत होत्या. अप्पा तोंडाचा रंग न धुता घरी निघून गेले. सकाळी जीपमध्ये बसेपर्यंत ती त्यांची वाट बघत होती. ते आले नाहीत.

यंदा तिचं शूटिंग होतं. आईच्या कामाला कुणी नवी पोर आणलेली, बावरलेली. मी पुढंच बसले होते. तो प्रवेश आला. अप्पा चालत गेले, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. ती बिचारी वाक्यच विसरली. मी मंडपाबाहेर येऊन फोन लावला.

"धरले का?" हिरॉईननं विचारलं.

"धरले."

"हात लावून?"

"हात लावून."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती गप्प होती आणि कुणाशी भांडत नव्हती.