सरळ पाहिलं की नाहीसं होतं

त्या सोमवारी आई म्हणाली, दाराची चौकट वाकली. मी चौकटीकडे पाहिलं. चौकट वाकली नव्हती.

आमचं घर संग्रामपूरकडच्या काळ्या मातीवर आहे. ही माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि घरंही तिच्यासोबत हलतात. गावात दरवर्षी कुणाची तरी भिंत तडकते, कुणाचं कवाड अडकून बसतं. त्यामुळे आईच्या बोलण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. भावाने मिस्त्री बोलावला. त्याने चौकटीला ओळंबा लावून पाहिला, दोन्ही बाजूंनी, आणि मग उंबऱ्यावर बसून तंबाखू मळायला घेतली.

"चौकट सुतात हाय, काकू."

"मंग मले मधात वाकून काऊन दिसते?"

"आता तुमच्या डोयालेच ओयंबा लावा लागते."

"लाव," आई म्हणाली. "पण पह्यले हात धू."

सगळे हसले. मीही हसले. जळगाव जामोदला हायस्कूलमध्ये मराठी शिकवून मी त्याच वर्षी निवृत्त होऊन गावी परतले होते. आई, भाऊ, वहिनी आणि मी, एवढेच घरात होतो.

चौकटीचा प्रश्न मिटल्यावर डोळ्याची पाळी आली. तालुक्याच्या शिबिरात कुणीतरी बॅटरीच्या उजेडात पाहून सांगितलं की मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे. ते खोटं नव्हतं. तिच्या वयाला मोतीबिंदू असायचाच. आमच्याकडे मोतीबिंदू पिकावा लागतो. कच्चा काढला तर डोळा जातो, असं जुनी माणसं सांगत आली आहेत, आणि पिकणं हा शब्द शेतकऱ्याच्या घरात इतका ओळखीचा आहे की त्यावर कुणी शंका घेत नाही. भाऊ म्हणाला, "पिकू दे माय. तवरोक कापूस बी वेचून होते." आई थांबली. डाव्या डोळ्याने तिला आधी वाकडं दिसायचं, मग मधोमध करडं दिसू लागलं, मग काळं. ती म्हणायची, पिकून राह्यला वाटते.

कापूस घरात आला तेव्हा आम्ही तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि बराच वेळ आत पाहिलं. मग मला बोलावून डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो दाखवला. मोतीबिंदू डोळ्याच्या पुढच्या भिंगात असतो. हे मागे होतं, पडद्याच्या मध्यावर. त्या जागेला पीतबिंदू म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं. वयाबरोबर तिची झीज होते. आईच्या डाव्या डोळ्यात त्या झिजलेल्या जागेखाली नको त्या बारीक रक्तवाहिन्या वाढल्या, पाझरल्या, आणि आता तिथे व्रण झाला होता.

"रेषा वाकड्या दिसायला लागल्या त्याच आठवड्यात यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते. रोज कुणाला तरी हे सांगावं लागत असावं, असा त्यांचा आवाज होता. "डावा परत येणार नाही. उजवा सांभाळा. उजव्यात अजून कोरडा आजार आहे. तो ओला झाला, म्हणजे तिथेही पाझर सुरू झाला, तर लगेच इंजेक्शन द्यावं लागेल."

उजवा डोळा सांभाळणं हे त्या दिवसापासून माझं काम झालं. रोज सकाळी मी आईचा डावा डोळा तळहाताने झाकायची आणि तिला खिडकीचे गज बघायला सांगायची.

"सरळ हायेत का?"

"सरळ हायेत. तूच वाकून राह्यली."

तेव्हाच मी वाचायला लागले. जन्मभर कविता शिकवलेली बाई मी. शब्दकोश मांडीवर घेऊन मोबाइलवर इंग्रजी शोधनिबंध उलगडायची. पान संपायला दुपार जायची. त्यातून कळलं ते असं. पडद्याच्या मागे पेशींचा एक थर असतो, तो रोजचा कचरा उपसतो. म्हातारपणी त्याचं काम मंदावतं आणि पिवळसर गाळ साचतो. शरीराची राखण करणारी यंत्रणा काही घराण्यांत जन्मतःच जास्त तापट असते. ती त्या गाळावर धावून जाते आणि स्वतःचंच घर जाळते. तंबाखूच्या धुराने धोका वाढतो हे पक्कं झालं आहे. आईने कधी विडी ओढली नाही, पण आयुष्यभर चुलीपुढे बसली. चुलीच्या धुराचं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं खात्रीने सांगता येणार नाही.

आई दर थोड्या दिवसांनी विचारायची, "निंघालं का अवषद?"

"ओल्यावर आहे. कोरड्यावर शोधून राहिले."

"कोण शोधून राह्यलं?"

मी सांगायची. दूरच्या प्रयोगशाळांत पेशी वाढवून पडद्याखाली ठेवून पाहतात. बाहेरच्या देशांत झीज जरा मंदावणारं इंजेक्शन आलं आहे, पण गेलेली नजर ते परत देत नाही. ती नीट ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "शोधू दे त्याईले. घाई केली की काम बिघडते."

घरात मात्र बिघडत चाललं होतं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आता डाग होता, उजव्यात लहान, डाव्यात मोठा. ती ज्या गोष्टीकडे सरळ पाहायची ती नाहीशी व्हायची. कडेचं सगळं शाबूत होतं. म्हणून ती अंगणात न अडखळता चालायची आणि दाण्यांवर आलेली कोंबडी हाकलायची, पण समोर उभ्या शेजारणीला ओळखायची नाही. शेजारीण ओट्यावर बसून म्हणाली, "कोंबडी दिसते अन् माणूस नाही दिसत? लय हुशार डोया हाय बाप्पा."

हळूहळू आईला एक युक्ती सापडली. चेहरा पाहायचा तर चेहऱ्याकडे बघायचं नाही, कानाकडे बघायचं. मग चेहरा कडेला येतो आणि थोडा दिसतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण आमच्याकडे बोलताना तोंड फिरवणं म्हणजे माणूस नकोसा झाल्याची खूण. वहिनीने पुष्कळ दिवस मनात ठेवलं आणि एका दुपारी जेवणाचं ताट तिच्यापुढे आदळलं.

"मी सामने आलो की तुमी तिकडे पाह्यता. सांगून टाका ना, काय चुकलं माह्यं?"

आई तिच्या कानाकडे पाहत म्हणाली, "तुह्यं तोंड दिसावं म्हणून तोंड फिरवतो, बाई."

नंतर चहा देताना वहिनीच थोडी बाजूला सरकून उभी राहू लागली. पण मधल्या महिन्यांतला अबोला त्याने पुसला गेला नाही.

एका सकाळी आई म्हणाली, "मधला गज लचकला." आम्ही पहिल्या एसटीने निघालो. या वेळी उशीर झाला नाही. डोळा बधिर करून आत इंजेक्शन दिलं. रक्तवाहिन्यांना वाढायचा निरोप देणारं एक प्रथिन असतं, हे औषध तो निरोपच अडवतं. हे औषध नव्हतं तेव्हा असे डोळे हमखास जायचे. दर महिन्याला आम्ही जात राहिलो. पाझर थांबला. गज पुन्हा सरळ झाले. मी तेव्हा उघड आनंद दाखवला, आणि आईनेही.

पण पाझर थांबला तरी झीज थांबत नाही. पुढच्या उन्हाळ्यानंतर डॉक्टरांनी नवा फोटो जुन्याशेजारी ठेवला. मधल्या पेशी विरत चालल्या होत्या, जुन्या लुगड्याचं सूत विरतं तशा. "पाणी नाही," ते म्हणाले, "पण खालचा थरच जातो आहे. त्यावर आज माझ्याकडे काही नाही."

"मंग कोणापाशी हाय?" आईने विचारलं.

त्यांनी दोन्ही फोटो पाकिटात घातले. परत येताना एसटीत ती माझा हात धरून बसली होती. शेगाव मागे पडल्यावर म्हणाली, "आता त्या पुस्तकात पाहू नको. तुह्ये डोये कायले खराब करते."

उजवा डोळा त्या पावसाळ्यात गेला. चूल बंद झाली, निवडणं-टिपणं बंद झालं. सारा दिवस ती पलंगावर बसून असायची. शेवटी शेवटी तिने आमच्या कानांकडे बघणंही सोडलं, कारण कडेच्या उजेडात चेहरा जुळेनासा झाला होता. गेल्या पौषात निमोनियाने गेली. डॉक्टर म्हणतात त्या अर्थाने डोळ्यांनी कुणी मरत नाही.

हा आजार घराण्यात उतरतो. भावाला मी तपासणीला चल म्हटलं तर तो म्हणाला, "सारं दिसून राह्यलं, काऊन तपासू?" मी एकटी जाऊन आले. दोन्ही पडद्यांखाली त्याच गाळाचे पिवळसर ठिपके दिसले. वर्षातून एकदा यायला सांगितलं आहे. संशोधन चालू आहे. सध्या मला वाचता येतं.